पार्किन्सन्सचा स्वमदत गट सुरू करायचाय: सभेत नेमकं करायचं काय?

सज्जनगड_पायथा | रविवार, सकाळी १०:०५

साताऱ्यात पार्किन्सन्स (कंपवात) असलेल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट सुरू करायचं घाटतंय. पंधरा-वीस घरं तयार आहेत, जागा मिळतेय, चहाचीही सोय होईल. अडतंय त्याच्या पुढे. लोक जमले, एकमेकांची विचारपूस झाली, मग? दर वेळी डॉक्टरांना बोलावलं तर ती व्याख्यानमाला होते. काहीच ठरवलं नाही तर दोन-तीन सभांत दुखण्यांची उजळणी होते आणि मग माणसं यायची थांबतात.

शरीराच्या आणि मनाच्या दुखण्यांत अशा गटांचा उपयोग होतो असं सगळेच म्हणतात. तो नेमका कशाने होतो आणि गट कशाने बिघडतो, हे जाणकारांनी तपशिलात सांगावं. व्यसनमुक्ती, स्किझोफ्रेनिया, कोड, कुठल्याही गटाची पद्धत चालेल.

मीनल_के | रविवार, सकाळी ११:२०

आधी फलकावरच्या शब्दाचं बघा. 'स्वयंसहायता गट' लिहिलंत तर निम्मे लोक बचत गट समजून कर्जाची चौकशी करायला येतील. 'स्वमदत गट' लिहा, किंवा पुण्यातल्यासारखं सरळ 'मित्रमंडळ' म्हणा. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ त्याच नावाने ओळखलं जातं.

दुसरे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वापरा: आजार असलेला तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. पुण्या-ठाण्याच्या गटांत हे शब्द चांगले रुळलेत. 'पेशंट' म्हटलं की माणूस दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखा गप्प होतो आणि घरचेच त्याच्या वतीने बोलू लागतात. 'शुभार्थींनी बोलायचंय' म्हटलं की निदान तोंड त्याच्याकडे वळतं.

तालीम | रविवार, दुपारी १:४०

जागा 'मिळतेय' एवढ्यावर थांबू नका, पार्किन्सन्सच्या गटात जागाच अर्धं काम करते. तळमजला हवा. लिफ्ट असली तरी तळमजलाच, कारण लिफ्टच्या दारात पाय हमखास जमिनीला चिकटतात. कमोड असलेलं स्वच्छतागृह जवळ हवं आणि त्याची कडी बाहेरून उघडता यायला हवी. खुर्च्या हाताच्या, टणक बैठकीच्या. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या उठताना मागे सरकतात, त्या टाळा. सतरंजी अजिबात अंथरू नका, तिच्या कडेला घसटणारा पाय अडकतो.

आता दार. आपल्याकडे सगळे उंबऱ्याशी चपला काढतात. दारात चपलांचा ढीग, त्यात वाकून पट्टा सोडवणं आणि समोर अरुंद चौकट, तिन्ही गोष्टी एकाच जागी. पाय गोठायचा तर इथेच गोठणार. दाराबाहेर चार फुटांवर दोन खुर्च्या ठेवा आणि चपला तिथेच बसून काढायला लावा. दारापासून आत पाच-सहा रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा, एका पावलाच्या अंतराने, साधारण दीड-दीड फुटावर. पाय अडला तरी पट्टी ओलांडायची म्हटल्यावर बहुतेकांचं पाऊल पडतं.

हात धरून ओढायचं नाही, हे स्वयंसेवकांना बजावून ठेवा. ओढलं की वरचं अंग पुढे येतं, पाय मागे राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्याला म्हणायचं, 'थांबा. ताठ उभे राहा. वजन डाव्या पायावरून उजव्यावर घ्या. आता मोठं पाऊल.' वळताना जागच्या जागी गिरकी नको, बैलगाडी वळते तसा मोठा वळसा घ्यायचा.

चौकस | रविवार, दुपारी ४:१५

हे सगळं काळजीपूर्वक लिहिलंय, पण मूळ प्रश्नाला हात कुणी घातला नाही. गटाचा उपयोग होतो याला पुरावा काय? चार माणसांत बसून बरं वाटणं वेगळं आणि आजारात फरक पडणं वेगळं.

वाटसरू | रविवार, रात्री ९:३०

@चौकस, प्रश्न रास्त आहे. याच्या उत्तराला इतिहास आहे.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा. दारू सोडू पाहणाऱ्यांची ही संस्था (थोडक्यात एए) १९३५ ची, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमधली. सत्तर वर्षांनंतरही पुरावा डळमळीत होता. २००६ च्या कॉक्रेन आढाव्याचा (झालेल्या प्रयोगांच्या एकत्रित पडताळणीचा) निष्कर्ष होता की ठामपणे काही म्हणता येईल असे प्रयोग झालेले नाहीत. पुढे चांगले अभ्यास झाले. २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. निष्कर्ष असा, की एएसारख्या, बारा पायऱ्यांची पद्धत पाळणाऱ्या गटात माणसाला पद्धतशीर जोडून दिलं तर दारू पूर्ण सोडून राहण्याच्या बाबतीत ते इतर प्रस्थापित उपचारांच्या बरोबरीचं, काही मापांवर जास्तच परिणामकारक ठरतं. 'पद्धतशीर' हा शब्द महत्त्वाचा. 'तिथे जात जा हं' असं सांगून पत्ता लिहून देणं वेगळं. सोबत नेणं, पहिल्या काही सभांना गेला का हे विचारणं, गटातल्या एकाशी गाठ घालून देणं, हे वेगळं.

दुसरं उदाहरण आजाराबाहेरचं आहे, पण माझ्या मते सगळ्यात बोलकं. झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' या संस्थेने आदिवासी गावांतल्या बायकांचे गट चालवले. महिन्याला एक बैठक, वीस बैठकांचं चक्र, चित्रांचे पत्ते आणि गोष्टी. बायकांनीच आपल्या अडचणी ठरवायच्या, उपाय ठरवायचे आणि गावात करून बघायचे. २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: गट नसलेल्या भागांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत ३२ टक्के कमी. आयांच्या नैराश्यावर तीन वर्षांचा मिळून ठळक परिणाम दिसला नाही, पण तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे मनावरचा परिणाम उशिरा आला. तीन महिन्यांत 'काही फरक नाही' म्हणून गट बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हे कशाने होतं? १९६५ मध्ये फ्रँक रिसमन यांनी मांडलं, की अशा गटात मदत घेणाऱ्यापेक्षा मदत देणाऱ्याला जास्त फायदा होतो. पार्किन्सन्समध्ये हे फार लागू आहे. या माणसाच्या हातून घरात एकेक काम काढून घेतलेलं असतं: बँक, भाजी, दूध आणणं, शेवटी दाढीसुद्धा. गटात त्याला काम दिलं की तो पुन्हा कुणाच्या तरी उपयोगाचा होतो. म्हणून चहाचे पैसे गोळा करायचं काम शुभार्थीकडेच द्या, हात कापत असले तरी. नाणी मोजायला वेळ लागेल, लागू द्या.

फक्त_आज | सोमवार, सकाळी ७:५०

वाटसरू यांनी एए काढलंच आहे तर तिथली सभा कशी चालते ते सांगतो. साधारण तास-दीड तास. सूत्रसंचालन दर वेळी वेगळ्याकडे. सुरुवातीला ठरलेला मजकूर वाचायचा, मग एकेकाने बोलायचं. त्याला 'शेअरिंग' म्हणतात. एक बोलतो तेव्हा बाकीचे मधे बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. बोलणाऱ्याने स्वतःबद्दलच बोलायचं, 'तुम्ही असं करा' म्हणायचं नाही. सदस्यत्वाला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही. बाहेरून देणगी घ्यायची नाही, टोपी फिरते त्यात जमेल ते टाकायचं. नाव-गाव बाहेर न्यायचं नाही.

नवा माणूस आला की त्याला दोन-तीन फोन नंबर मिळतात आणि इच्छा झाली तर पिण्याआधी फोन कर असं सांगतात. प्यायल्यावर केलेल्या फोनवर बोलणं पुढे सरकत नाही.

एक गोष्ट या धाग्यावर कुणीतरी वाचेल म्हणून लिहितो. रोज भरपूर पिणाऱ्याने गटाचं ऐकून घरीच एका रात्रीत दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं, ताप, घाम सुरू होऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग गट. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत १९८६ पासून दाखल करून उपचार आणि नंतर पाठपुराव्याचे गट, अशी जोडणी आहे ती यासाठीच.

शेवंती | सोमवार, सकाळी १०:१०

फक्त_आज, माहिती छान. पण 'सल्ला द्यायचा नाही' हा नियम पार्किन्सन्सला जशाच्या तसा लावू नये असं मला वाटतं. दारूच्या गटात सल्ले आयुष्यभर ऐकून झालेले असतात, तिथे कान हवा असतो. पार्किन्सन्समध्ये माहितीचीच भूक असते. शर्टाच्या गुंड्या लावता येत नाहीत यावर 'मी ऐकतोय' म्हणून काय होणार? गुंड्यांच्या जागी आतून वेल्क्रो लावून वर गुंड्या नुसत्या शिवून टाका, हे सांगितलं की त्या माणसाची सकाळ सुटते. तसंच इलॅस्टिकची पँट, सॅटिनची चादर म्हणजे कुशीवर वळता येतं, पेला अर्धाच भरणं, ताटाऐवजी काठाची थाळी.

तेव्हा सभेचे दोन भाग करा. एक ऐकण्याचा, तिथे फक्त_आज म्हणतात तो नियम कडक. दुसरा युक्त्यांचा, तिथे सगळ्यांनी बोलावं.

औषधवाला | सोमवार, दुपारी १२:३५

युक्त्यांचा भाग हवाच, पण गट घसरतो तोही तिथेच. गुंड्यांवरून गोष्ट गोळ्यांवर जायला पाच मिनिटं पुरतात. 'आमच्या यांना अर्धी वाढवली आणि चालायला लागले' हे वाक्य ऐकून घरी जाऊन अर्धी वाढवणारे निघतात. एकाला दिवसातून तीनदा पुरणारी लेवोडोपा (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) दुसऱ्याला सहा वेळा विभागून लागते. वाढीव डोसाने अंग वेडंवाकडं हलू लागलं की घरच्यांना वाटतं आजार वाढला, आणि ते आणखी अर्धी देतात. इथे उलट दिशेने जायचं असतं आणि तेही डॉक्टरांनी.

गटात पुढच्या गोष्टी मात्र बिनधास्त सांगाव्यात, कारण त्या घराघरांत चुकतात.

लेवोडोपाची गोळी दुधाबरोबर देऊ नये. 'रिकाम्या पोटी कडक पडेल' म्हणून आपल्याकडे हमखास दूध देतात. दूध, पनीर, डाळ, मटण यांतली प्रथिनं आणि हे औषध आतड्यातून एकाच वाटेने जातात आणि औषध मागे राहतं. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने पाण्याबरोबर द्यावी. मळमळ होत असेल तर एखादं कोरडं बिस्किट चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवावं. लांब टिकणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नयेत, सगळं औषध एकदम सुटतं.

उलटीसाठी गल्लीतल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइड देतात. पार्किन्सन्समध्ये ते नको, मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतं आणि माणूस ताठरतो. सहसा डॉम्पेरिडोन देतात, तेही हृदयाचा त्रास असेल तर विचारून.

खाजकुइलीचं चूर्ण. तिच्या बियांत लेवोडोपाच असतं, म्हणून गुण येतो. पण चालू गोळ्यांवर चमचा-चमचा चूर्ण म्हणजे न मोजलेला जास्तीचा डोस. वैद्यांकडून घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगा आणि उलटही सांगा.

आणि गोळी एकदम बंद कधीच करायची नाही. गावाला गेलो, गोळ्या संपल्या, चार दिवस गॅप, असं झालं तर अंग लाकडासारखं होऊन तीव्र ताप येऊ शकतो. ती आणीबाणी असते.

चौकस | सोमवार, दुपारी १:०५

मग 'गोळ्यांवर बोलायचंच नाही' असा नियम का नको? सोपा आहे.

औषधवाला | सोमवार, दुपारी १:५०

कारण तसा नियम केला की बोलणं बंद होत नाही, चहाच्या वेळी कोपऱ्यात होतं. त्यापेक्षा बोलण्याची दिशा बदला. मिलिग्रॅम आणि गोळीचं नाव सांगायचं नाही. वेळ आणि परिणाम सांगायचा. 'सकाळच्या गोळीचा असर अकरापर्यंत टिकतो, पुढची साडेबाराला आहे, मधला दीड तास हलता येत नाही.' हे वाक्य कुणाचं नुकसान करत नाही आणि तेच डॉक्टरांना हवं असतं.

यासाठी गटाने एक तक्ता छापावा. उभ्या रकान्यात सकाळी सहा ते रात्री दहा, तास-तास. आडव्यात चार खुणा: हालचाल चांगली, हालचाल बंद, नको ती हालचाल, झोप. गोळी घेतली तिथे बाण, जेवण तिथे टिंब. भेटीच्या आधी सलग तीन दिवस भरायचा. ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात आणि 'कसं आहे?' ला 'तसंच आहे' असं उत्तर दिलं जातं. तक्ता समोर ठेवला की डॉक्टर थेट अकरा ते साडेबारावर बोट ठेवतात.

सोबत एक खिशातलं कार्ड: गोळ्यांच्या वेळा, चालू औषधं, टाळायची औषधं. दुसऱ्याच कशासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, की गोळ्या वॉर्डाच्या वेळेने मिळू लागतात आणि दोन दिवसांत माणूस जाम होतो. कार्ड केसपेपरला टाचून द्यायचं आणि नर्सला तोंडीही सांगायचं.

निळावंती | सोमवार, रात्री १०:२०

शुभंकरांबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. त्यांची सभा वेगळी हवी, निदान काही वेळ तरी.

कारण सांगते. प्रॅमिपेक्सॉल, रोपिनिरॉल या पार्किन्सन्सच्या औषधांनी काहींमध्ये आवर सुटतो. कुणी ऑनलाइन रमीवर पैसे उडवतं, कुणी वस्तू घेत सुटतं, कुणाची शारीरिक संबंधांची मागणी अचानक वाढते. साठी-पासष्टीतल्या बायका हे कुणापुढे बोलणार? डॉक्टरांपुढे शुभार्थी शेजारी बसलेला, मुलांना सांगायची लाज. 'म्हातारचळ' म्हणून सोसत राहतात. वेगळ्या बैठकीत एकीने तोंड उघडलं की दुसरी म्हणते, 'आमच्याकडेही.' तिथे त्यांना कळतं की हा स्वभाव नाही, औषधाचा परिणाम आहे आणि डॉक्टर औषध हळूहळू कमी करून तो बहुधा आटोक्यात आणतात. गटाचा खरा वैद्यकीय उपयोग मला इथे दिसतो. जी तक्रार दवाखान्यापर्यंत कधी पोचलीच नसती, ती पोचते.

तसंच झोपेत लाथा-बुक्क्या मारणं, ओरडणं. आजाराचाच भाग आहे, स्वप्न अंगातून बाहेर येतं. पलंगाशेजारचं टोकदार टेबल हलवा, गरज पडली तर वेगळ्या पलंगावर झोपा आणि डॉक्टरांना सांगा. नैराश्यही तसंच. 'आजार झाला म्हणून खचला' एवढंच नसतं, मेंदूतल्या त्याच बदलांतून ते येतं आणि त्याला वेगळा उपचार आहे.

व्यसनाच्या क्षेत्रात हे कधीच ओळखलं गेलंय. एएच्या कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींचा 'सहचरी' गट आहे. स्किझोफ्रेनियासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभी केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन घरच्यांचे गट चालवत आली. तिथे शुभंकरांनी शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे बोलण्याची धाटणी. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं, की ज्या घरात सतत टीका, राग किंवा अति काळजी असते तिथे आजार लवकर उलटतो. म्हणून गटात वाक्यांचा सराव घेतात. आवाज ऐकू येतात म्हणाला तर 'कुठे आहेत आवाज, वेड्यासारखं बोलू नकोस' नाही आणि 'हो हो, मलाही येतात' हेही नाही. 'मला ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?' हे वाक्य कागदावर वाचून जमत नाही. दोघांनी समोरासमोर बसून चार-पाच वेळा म्हणून बघावं लागतं.

रेवती२१ | मंगळवार, सकाळी ९:१५

निळावंतीताई, मुद्दा पटला, पण वेगळ्या दिवशी सभा ठेवू नका. शुभंकर बाहेर पडणार तर घरी शुभार्थीजवळ कोण? आणि 'माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलायला जाते' हा संशय घरात शिरतो. भास होणाऱ्या शुभार्थींच्या बाबतीत तर हा संशय फार महागात पडतो.

एकाच वेळी दोन खोल्या घ्या. शुभार्थी एका खोलीत व्यायाम करतात, शुभंकर शेजारच्या खोलीत बोलतात. चाळीस मिनिटांनी सगळे एकत्र. कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

निळावंती | मंगळवार, सकाळी ९:४०

हे माझ्या सूचनेपेक्षा चांगलं आहे. असंच करा.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १२:००

व्हॉट्सअ‍ॅप गट निघणारच, तेव्हा त्याचंही आधी ठरवा. दोन गट करा. एक सूचनांचा, तिथे फक्त चालकांनीच लिहायचं: तारीख, वेळ, जागा. दुसरा बोलण्याचा. एकच ठेवला तर शुभ सकाळच्या फुलांत सभेची तारीख वाहून जाते आणि लोक चुकीच्या रविवारी येतात.

बोलण्याच्या गटात नियम चारच, पण पहिल्या दिवशी लिहून टाका. प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाकायचा नाही. 'पार्किन्सन्स मुळापासून बरा' छापाचा पुढे ढकललेला मजकूर टाकायचा नाही, शंका असेल तर चालकाला खाजगीत विचारायचं. कुणाच्या निधनाची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय टाकायची नाही. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, कारण झोप हाच यांचा मोठा प्रश्न आहे. शुभार्थींना लिहिणं कठीण जातं, बोट दोनदा पडतं. त्यांना आवाजी निरोप पाठवायला शिकवा, बोलायचा सरावही होतो.

मीनल_के | मंगळवार, दुपारी १२:१५

+१. निधनाच्या बातमीचा नियम फार महत्त्वाचा. पण शोक टाळूही नका. पुढच्या सभेत नाव घेऊन मिनिटभर उभं राहा किंवा बसून राहा. सदस्य एकाएकी यायचा थांबला आणि कुणीच काही बोललं नाही, तर उरलेले मनात हिशोब करत बसतात.

वाटसरू | मंगळवार, सायंकाळी ६:३०

पैसे आणि नोंदणी. पहिलं वर्ष नोंदणीच्या फंदात पडू नका. सोसायटी म्हणून नोंदायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात, आपल्याकडे त्यासोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. मग वार्षिक हिशेब, लेखापरीक्षण, पदाधिकाऱ्यांतला बदल कळवणं हे सगळं मागे लागतं. गट चालवणारी दोन माणसं त्यातच संपतात. चहा, खुर्च्या, झेरॉक्स एवढाच खर्च असेल तर वही आणि डबा पुरतो. मोठे कार्यक्रम, देणग्या, कार्यालय अशी वेळ आली की करा. तोवर एखादी औषध कंपनी ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाचा खर्च देते म्हणाली तर घ्यायला हरकत नाही, फक्त फलक लावू देऊ नका.

फक्त_आज | मंगळवार, रात्री ८:०५

इथे मी असहमत आहे. फलक नसला तरी घेऊ नका. पैसे देणारा पुढच्या वर्षी 'आमच्या डॉक्टरांना दहा मिनिटं द्या' म्हणतो आणि नाही म्हणता येत नाही. बाहेरचा पैसा न घेण्याची परंपरा एएने उगाच केलेली नाही. वीस घरांनी महिन्याला पन्नास रुपये टाकले तरी हजार होतात. ज्याला जमत नाही त्याने टाकू नये, डबा झाकलेला ठेवा म्हणजे कुणी किती टाकले ते दिसत नाही.

वाटसरू | मंगळवार, रात्री ९:१०

झाकलेल्या डब्याचं पटलं. कंपनीच्या पैशाबाबतही सुरुवातीच्या गटाने तुमचाच नियम पाळावा, मी माझी सूचना मागे घेतो. त्यापेक्षा गटाची ताकद सरकारी हक्कांसाठी वापरा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर प्रमाणपत्र आणि ओळखपत्रावर सवलती मिळतात. तपासणीला माणूस नेमका गोळीचा असर चांगला असताना जातो आणि टक्के कमी लागतात. दोन्ही अवस्थांचा व्हिडिओ आणि औषधवाला म्हणतात तो तक्ता सोबत न्या.

निळावंती | बुधवार, सकाळी ८:२५

सभेत कुणीतरी 'आता जगून काय करायचं' म्हणेल. हे गृहीत धरा आणि काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. 'असं बोलू नये' म्हणून विषय बदलू नका. ऐकून घ्या. मग एकाने त्यांच्याबरोबर बाजूला बसून सरळ विचारावं, 'जीव द्यायचा विचार येतो का? कसा, काही ठरवलंय का?' विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवी कल्पना शिरत नाही. ठरवलं असेल तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांना तिथेच सांगायचं, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि शेतातलं कीटकनाशक त्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. 'इथलं इथेच राहील' या वचनाला हा एक अपवाद आहे, हे पहिल्याच सभेत सांगून टाका.

सज्जनगड_पायथा | बुधवार, सायंकाळी ७:००

सगळ्यांचे मनापासून आभार. या धाग्यावरून पहिल्या सभेचा आराखडा केला, तो मांडतो.

महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी चार ते साडेपाच. वेळ ठरवण्याआधी सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा विचारल्या, बहुतेकांचा असर चार ते सहा चांगला असतो. दारात खुर्च्या आणि पट्ट्या. पहिली दहा मिनिटं नावं आणि नियम. मग चाळीस मिनिटं दोन खोल्या: शुभार्थींचा व्यायाम, शुभंकरांचं बोलणं. मग वीस मिनिटं एकत्र, एकच युक्तीचा विषय, पहिला 'खुर्चीतून उठणं'. शेवटची वीस मिनिटं चहा आणि डबा. डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा, प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर.

दोन शंका उरल्या. शुभार्थींच्या खोलीत चाळीस मिनिटं काय घ्यायचं? आणि हे सगळं एकाच माणसावर पडू नये यासाठी काय करायचं?

तालीम | बुधवार, रात्री ९:४५

वीस मिनिटं अंग, वीस मिनिटं आवाज.

अंग: सगळं खुर्चीत बसून सुरू करा. हात मोठे फिरवणं, टाळी डोक्यावर, पाय जागच्या जागी आपटत पावलं मोजणं. मोजायचं मोठ्याने आणि ठेक्यात. ताल लागला की पाय ऐकतो, म्हणून लेझीमचा ठेका उत्तम. पुण्यात नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्ससाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागेही हाच धागा आहे. मग उठण्याचा सराव: ढुंगण खुर्चीच्या कडेला सरकवा, टाचा गुडघ्यांच्या मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके पुढे झुका, मग उठा. पाठ टेकून सरळ वर उठायला जाणं हीच सगळ्यांची चूक असते. प्रत्येक दोन शुभार्थींमागे एक स्वयंसेवक उभा हवा.

आवाज: या आजारात आवाज खाली जातो आणि त्या माणसाला ते कळत नाही. त्याला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, घरच्यांनाच कमी ऐकू येतंय. या समजातून घरात रोज भांडणं होतात. लांब 'आऽऽ' दहा वेळा, श्वास भरून, खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल असा. मग मोठ्याने वाचन: हरिपाठ, मनाचे श्लोक, पेपरातला मथळा, पाठ असेल ते. सूचना एकच द्यायची, 'मोठ्याने'. 'स्पष्ट बोला, हळू बोला, तोंड उघडा' अशा चार सूचना दिल्या की एकही पाळली जात नाही. याच तत्त्वावर बांधलेला एलएसव्हीटी हा १६ सत्रांचा प्रशिक्षित तज्ज्ञांकडचा उपचार आहे, गटातला सराव त्याची जागा घेत नाही. आणि सभेत चहासोबत काही खायला देणार असाल तर कोरडा चिवडा, शेंगदाणे नकोत, गिळताना ठसका लागतो. मऊ उपमा किंवा केळं द्या, ताठ बसून आणि खाताना गप्पा न मारता.

मीनल_के | गुरुवार, सकाळी १०:३०

दुसऱ्या शंकेचं. कामं आजच चार भागांत तोडा आणि प्रत्येकाला दोन माणसं द्या, एक शुभंकर आणि एक जमत असेल तर शुभार्थी: जागा आणि खुर्च्या, सभा चालवणं, डबा आणि वही, फोन. सहा महिन्यांनी अदलाबदल. चालवणारा दमला असं तो स्वतः कधी म्हणत नाही, म्हणून तारीखच ठरलेली बरी.

फोनचं काम सगळ्यात जपून द्या. हजेरीच्या वहीत नावापुढे दोन रकाने आखा, 'आले' आणि 'फोन केला'. न आलेल्याला सोमवारपर्यंत फोन गेलाच पाहिजे. 'का नाही आलात?' असं विचारलं की कारणं ऐकायला मिळतात. 'शनिवारी तुमची खुर्ची रिकामी होती, पुढच्या वेळी घ्यायला येऊ का?' असं विचारा. पडणं, नवं दुखणं, मुलगा गावी गेल्याने सोबत नसणं हे त्या फोनवर कळतं आणि पुढच्या सभेला कुणाची गाडी कुठल्या बाजूने न्यायची ते ठरवता येतं.

सज्जनगड_पायथा | गुरुवार, सकाळी ११:०५

वही आणली. दोन रकाने आखले. चिकटपट्टी पिवळी आणली आहे, फरशी करड्या रंगाची आहे, नीट दिसेल.